नवव्या ओळीची ओंबी

धुळ्याजवळच्या गव्हाच्या प्रयोगशेतात रोपाची ओंबी बाहेर पडली की बिजलीबाई त्याला लाल दोरा बांधायची आणि शीतल वहीत दिवस मांडायची. त्याच वहीची आज शीतलला किळस आली.

नवव्या ओळीत लवकर निसवणाऱ्या, म्हणजे ओंबी लवकर बाहेर टाकणाऱ्या, दोन वाणांचा संकर होता. दोघांकडून घाई करणारं एकेक जनुक आलेलं, तेव्हा हा गहू पन्नासेक दिवसांतच निसवणार, असं प्रयोगाचे प्रमुख देवरे साहेबांनी पेरणीआधीच ठरवून टाकलं होतं. आज बहात्तरावा दिवस, आणि ओळीत नुसती हिरवी पाती. एकेकटी असताना पळणारी ती जनुकं एकत्र आल्यावर एकमेकांचे पाय ओढत होती. एवढा मोठा शोध शेतात उभा, आणि वहीत साहेबांच्या वळणदार अक्षरात 'एक्कावन्न दिवस'!

"दोन बैल जुंपले की गाडी जोरातच पळणार ना?" साहेब काडीने दात कोरत म्हणाले. "बाईची नजर चुकली असेल. चारला पाहुणे येताहेत, त्या ओळीला दोरे बांधून घ्या."

आणि दोन बैल दोन दिशांना ओढायला लागले तर? शीतलने वही फटकन मिटली. शी! बहात्तर दिवस रोज पहाटे दव तुडवलं, ते या माणसाच्या बेरजेसाठी?

बिजलीबाई उठली. दोऱ्याचा गुंडा तिने साहेबांच्या हातात ठेवला.

"साहेब, ओंबी कोठे शे ती दखाडा," हिरव्या पात्यांकडे बोट दाखवत ती म्हणाली, "मंग बांधस."