शेवट होऊ दे, मग बघू

सिनेमावेड्या माणसांचं कौतुक करणाऱ्यांना एकदा अशा माणसाच्या घरात महिनाभर राहायला पाठवलं पाहिजे. लांबून फार गोड वाटतात ही माणसं. जवळून बघितली की कळतं, यांना सगळी माणसं दिसतात, फक्त ती पडद्यावर असावी लागतात.

पडदाशेठ त्यातलाच. धंद्याने लिफ्ट मेकॅनिक. उंच इमारतींच्या डोक्यावरच्या मशीन रूममध्ये बसून ग्रीस चोपडायचं, खाली उतरून दोर तपासायचे, अडकलेल्यांना केबिनमधून ओढून काढायचं, आणि हे करताना तोंडाने कामावरच्या जोडीदाराला कुठल्या ना कुठल्या पिक्चरची गोष्ट सांगत राहायची. पडदाशेठ हे नाव कामावरच्या लोकांनी टिंगलीने ठेवलेलं. याला ते बक्षीस वाटायचं.

सुट्टी मिळाली की हा बायकोला घेऊन जिथे शूटिंग झालं तिथे जायचा. लग्नानंतरची पहिली सहल एका जिन्यावर गेली. जिन्यावर हिरॉइन रडली होती, म्हणून बायकोला तिथे बसवून फोटो काढले. डावा पाय खाली, मान अशी, पदर तसा. जिन्याच्या मागे समुद्र होता. तो पिक्चरमध्ये दिसला नव्हता म्हणून बघायचा राहिला. बायको अजून म्हणते, "आवाज ऐकला हो मी समुद्राचा."

आणि त्याचा तो नियम. पिक्चर 'कोरा' बघायचा. आपण बघेपर्यंत त्याबद्दल कोणी एक अक्षर बोलायचं नाही. पोस्टर दिसलं की हा मान खाली घालायचा. कोणी तोंड उघडलंच तर कानात बोटं घालून मोठमोठ्याने गायला लागायचा. एकदा मयताला गेला होता, मागे दोघं नव्या पिक्चरबद्दल कुजबुजले, तर हा तिरडी सोडून रस्त्यापलीकडे जाऊन उभा राहिला. लोकांना वाटलं, फार जवळचं माणूस गेलं असावं.

घरात आलेल्या प्रत्येकाला तो एक गोष्ट सांगायचा. चहा आला की गोष्ट आलीच.

"आमची पिटू पहिलीत होती. मॅटिनीला नेली होती. इंटरव्हलला बाहेरच्या पायऱ्यांवरून पडली आणि हात मोडला. कोपरातून! पण पोरगी आत येऊन बसली आणि पिक्चर संपेपर्यंत हूं नाही की चूं नाही! आहे का कोणाच्या पोरात हा दम? रसिक आहे रसिक, रक्तातच आलंय!"

पाहुणे हसायचे. पिटू चहाचा ट्रे घेऊन उभी असायची. तिचा उजवा हात कोपरात पुरता सरळ होत नाही, त्यामुळे ट्रे कायम एका बाजूला कलायचा. गोष्ट सुरू झाली की ती आत निघून जायची. तिच्या लग्नात व्याह्यांनाही यानं हीच गोष्ट ऐकवली. व्याही हसले. नवरामुलगा हसला नाही. म्हणूनच त्याच्याशी लग्न केलं, असं पिटू नंतर आईला म्हणाली होती. पडदाशेठला हे कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी त्याने विनोद समजून पुढे चार लोकांना सांगितलं असतं.

तर या पिटूने पिक्चर लिहिला. आधी कुठल्या कुठल्या मालिकांचे संवाद लिहायची, मग हा. स्वतःचा, पहिला.

पडदाशेठचे पाय जमिनीवर ठरेनात. लिफ्टमध्ये अडकलेल्या अनोळखी माणसांना तो दार उघडायच्या आधी बाहेरून सांगायचा, "घाबरू नका, माझ्या मुलीचा पिक्चर येतोय." आतली माणसं जास्तच घाबरायची.

पिटूचा फोन आला.

"बाबा, पिक्चरबद्दल जरा बोलायचंय."

"एक अक्षर नाही!"

"ऐका तरी. तुम्ही बघायच्या आधी सांगायलाच हवं असं आहे काहीतरी."

"लेकीचा पिक्चर आणि मी उष्टा बघू? कोरा बघणार, कोरा!" आणि तो फोनवर गायला लागला. फोन ठेवला जाईपर्यंत गात राहिला.

मग ती घरी आली. हा न्हाणीघरात शिरला, आतून कडी लावली आणि नळ पूर्ण सोडला. बादली भरून वाहायला लागली तरी बाहेर येईना. ती दाराबाहेर बराच वेळ उभी होती, मग गेली.

"अहो, रडवेली होऊन गेली पोरगी," बायको म्हणाली.

"आनंदाने गं. पहिला पिक्चर आहे."

बायकोने त्याच्याकडे असं बघितलं की दुसरा कोणी असता तर खाली बसून विचार करत राहिला असता. पिक्चर लागायच्या आधी झालेल्या खास खेळाला पिटूने आईला नेऊन आणलं होतं. तेव्हापासून बायको याच्याशी कामापुरतंच बोलत होती. याला वाटलं, आपला नियम पाळतेय बिचारी.

पिक्चर लागला त्या रविवारी दुपारच्या खेळाला पडदाशेठ जोडीदाराला घेऊन गेला. "तू नाही येत?" त्याने दारातून बायकोला विचारलं होतं.

"मी बघितलाय. तुम्ही बघा. नीट बघा."

थिएटर भरलं होतं. पडदाशेठच्या उजवीकडे जोडीदार, डावीकडे मांडीवर पिशवी घेतलेल्या एक बाई, याच्याच वयाच्या. बसता बसता याने त्यांना सांगून टाकलं, "माझ्या लेकीने लिहिलाय बरं का."

"अगं बाई! खरंच?" त्या अशा खूश झाल्या की त्यांनी पुढच्या रांगेतल्या आपल्या बहिणीच्या खांद्यावर थोपटून तिलाही सांगितलं. बहीणही मागे वळून हसली.

अंधार झाला. पडद्यावर एक स्वयंपाकघर आलं. निळ्या दाराचं कपाट, त्याला कडीऐवजी बांधलेली दोरी, खिडकीत उलटी ठेवलेली भांडी.

"अरे!" जोडीदाराने कोपर मारलं. "हे तर तुझंच घर!"

पडदाशेठ खुर्चीच्या टोकावर आला. आयुष्यभर तो पडद्यावरच्या जागा शोधत हिंडला, आणि आज पडदा त्याच्या घरात शिरला होता. पडद्यावरचा बाप घड्याळं दुरुस्त करायचा, पण सिनेमावेडा होता, कानात बोटं घालून गायचा. लोक हसत होते. प्रत्येक हशाला पडदाशेठची छाती फुगत होती. शेजारच्या बाई याच्याकडे बघून कौतुकाने मान हलवत होत्या.

मग त्या बापाने मुलीला मॅटिनीला नेलं.

"आली!" पडदाशेठने जोडीदाराचा गुडघा दाबला. "आपली गोष्ट आली बघ!"

पडद्यावरच्या थिएटरमध्ये इंटरव्हल झाला. मुलगी पायऱ्यांवरून पडली. पडदाशेठ लोकांच्या हसण्याची वाट बघत बसला.

कोणी हसलं नाही.

मुलगी आत आली. बापाच्या खुर्चीजवळ उभी राहिली. उजवा हात पुढे केला. तिचे ओठ हलले, पण शब्द ऐकू आले नाहीत. ऐकू येत होती ती बापासमोरच्या पडद्यावरची मारामारी, ढिशूम ढिशूम, काचा फुटल्याचा आवाज. बापाने मान वळवली नाही. खिशातून चघळायची एक गोळी काढली, पुढे आलेल्या हातात ठेवली आणि म्हणाला, "शेवट होऊ दे, मग बघू."

गोळी खाली पडली.

पडदाशेठने जोडीदाराच्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला. गोळी. गोळी दिली होती की. गोष्टीत ती कधी आली नाही, पण दिली होती.

आता पडद्यावर फक्त मुलीचा चेहरा होता. मारामारीचा उजेड त्यावर लाल-निळा होत होता. तिने फ्रॉकची कड गोळा केली आणि तोंडात कोंबली. दातांत धरली. हूं नाही की चूं नाही. हात सुजत चालला होता, बोटं जाड होत चालली होती. आणि ते संपेना. पिटूने ते संपूच दिलं नव्हतं. एवढा वेळ कोणी एका चेहऱ्यावर थांबतं का? पण ती थांबली होती, बाप जितका वेळ थांबला तितका वेळ.

थिएटरमध्ये कोणीतरी मोठ्याने श्वास घेतला. मागून एक जण ओरडला, "अरे ऊठ की, हलकटा!" दुसरा म्हणाला, "बाप आहे की कसाई?"

शेजारच्या बाईंनी सावकाश मान वळवली आणि त्या पडदाशेठकडे बघत राहिल्या.

खोटं आहे, याच्या मनात आलं. वाढवून लिहिलंय, पिक्चरमध्ये वाढवतातच. आणि हे मनात येत असतानाच त्याची नजर मुलीच्या चेहऱ्यावरून सटकून कोपऱ्यात गेली. तिच्या खांद्यामागे तो दुसरा पडदा दिसत होता, अंधूक. कुठला पिक्चर लावलाय तिथे? मारामारी पुलावरची दिसतेय...

तो दचकला. आपलाच हात दुसऱ्याच्या खिशात सापडावा तसा दचकला.

"असं झालं होतं?" जोडीदार कुजबुजला. किती वर्षं त्याने ती गोष्ट ऐकली होती, आणि दर वेळी हसला होता. "तू सांगतोस तसं नव्हतं?"

पडदाशेठ पडद्याकडेच बघत राहिला.

पुढचा पिक्चर त्याने बघितला की नाही, त्याचं त्यालाच ठाऊक. दिवे लागले. नावं वर सरकत होती, त्यात पिटूचं नाव येऊन गेलं. बाई उठल्या. बाहेर जायचा रस्ता याच्या गुडघ्यांवरून होता. त्या दुसऱ्या बाजूला वळल्या आणि अख्खी रांग ओलांडून लांबून गेल्या. बहिणीने हात धरून विचारलं, "काय गं, इकडून का?" बाई म्हणाल्या, "चल तू."

बाहेरच्या मोकळ्या जागेत, पोस्टरखाली उभं राहून त्याने पिटूला फोन लावला. जोडीदार थोडा लांब थांबला.

"बघितला?" तिने विचारलं.

"बघितला. इंटरव्हलनंतर जरा..." त्याने जीभ चावली.

"जरा काय? लांबला?"

"पिटू, मला हे कोणी सांगितलं का नाही?"

"मी सांगितलं होतं, बाबा. परवाही आणि तेव्हाही."



"ती गोळी. मी खरंच त्याच हातात दिली?"

"संत्र्याची होती. मी तो हात तुम्हाला दाखवायला पुढे केला होता. तुम्हाला वाटलं, खाऊ मागतेय."

बाजूने पॉपकॉर्नचे रिकामे पुडे चुरगळत माणसं चालली होती. एक जण बापाला शिव्या देत होता, मनापासून, घरच्या माणसाला द्याव्या तशा.

"आणि तू काय म्हणाली होतीस? तिथे आवाजच नाही."

"मुद्दाम नाही ठेवला. तुम्हाला पिक्चरच्या पिक्चर पाठ असतात. म्हटलं, हेही असेल. तुम्ही फोन करून सांगाल, पिटू, तू असं म्हणाली होतीस."

तो आठवायला लागला. त्या मॅटिनीचं सगळं आठवलं. हिरोचा फाटलेला शर्ट. पूल. व्हिलनचं हसणं, त्याचा दात. शेवटचं वाक्य शब्दन् शब्द. शेजारी उभं राहून जे बोललं गेलं ते मात्र सापडेना. तिथे नुसती मारामारी ऐकू येत होती.

'बाबा, दुखतंय' म्हणून ठोकून दिलं असतं तर चाललं असतं. दुसरं काय म्हणणार एवढीशी पोर? वाक्य ओठांवर आलं होतं. पलीकडे ती श्वास धरून होती, ते त्याला ऐकू येत होतं.

"नाही आठवत," तो म्हणाला. "मी ऐकलंच नसेल गं. मी बघत होतो."

पलीकडे तिने धरलेला श्वास सोडला.

"आई म्हणाली होती, काहीतरी ठोकून देतील," ती म्हणाली. "ठोकलं असतंत ना बाबा, तर मी पुन्हा तुमचा फोन उचलला नसता. ठरवलं होतं मी."

"सांग ना मला. काय म्हणालीस?"

"फोनवर नाही. इकडे या. एकटे या."

"येतो. आत्ताच निघतो."

"आणि ऐकून झाल्यावर ते कोणाला सांगायचं नाही. चहाच्या वेळी तर नाहीच."

"नाही."

फोन बंद झाला. जोडीदार जवळ आला. "काय रे, काय म्हणाली?"

पडदाशेठने तोंड उघडलं, मिटलं, आणि रस्ता ओलांडून बसथांब्याकडे चालायला लागला.