चौदा शिरस्त्राणं

“त्या पायऱ्या जरा…” एवढं म्हणून तोकिको फोनवर थांबली.

फुसाएने वाट पाहिली. पुढचा शब्द येणार नाही हे तिला ठाऊक होतं. ‘जरा’च्या पुढे हागिसे गावात कुणी काही बोलत नाही. जरा म्हणजे नको. पण नको म्हटलं तर समोरच्याला वाईट वाटणार, वाईट वाटलं तर माफी मागावी लागणार, आणि रिकाम्या हाताने माफी मागायची पद्धत नाही.

“जरा काय, तोकिको-सान? जरा उंच आहेत, जरा अरुंद आहेत, की जरा विचार करून सांगता?”

“अगं, माझे गुडघे तुला माहीतच आहेत. तुम्ही तिघी जा की. माझ्यासाठी कशाला अडून राहता?”

‘माझ्यासाठी अडू नका’ म्हणजे ‘मला सोडून जाऊन तर बघा’, हे फुसाएला पंचावन्न वर्षांच्या ओळखीनंतर सांगावं लागत नव्हतं.

“तुम्ही नसाल तर आम्हीही नाही,” ती म्हणाली. हेही म्हणावंच लागतं. मग फोन ठेवून तिने मुळा चिरायला घेतला, तो अशा जोराने की शेजारणीने गॅलरीतून वाकून विचारलं, काही दुरुस्ती काढलीत का?

किल्ल्याचा मनोरा तीस नोव्हेंबरच्या संध्याकाळी बंद होणार होता. भूकंपाच्या दृष्टीने लाकडाचं काम काढलं होतं, आतलं संग्रहालय हलणार होतं, आणि नगरपालिकेच्या पत्रकात सात वर्षं असं छापलं होतं. नगरपालिकेची सात म्हणजे नऊ धरावी. फुसाए अमागाई चौऱ्याहत्तर वर्षांची होती.

एकोणिसाव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंत ती सहलीच्या बसवर गाइड होती. पंचेचाळीस माणसं, हातात लहानसा झेंडा, डोक्यावर तिरकी टोपी. किल्ल्याची माहिती तिला झोपेतून उठवून विचारली तरी आली असती. पहिल्या मजल्यावर भाले, दुसऱ्यावर सरदारांची पत्रं, तिसऱ्यावर चौदा शिरस्त्राणं. त्यांतलं एक सशाच्या कानांचं. हे ती बसमध्येच सांगून घ्यायची, कारण प्रवाशांना ती दारापर्यंतच नेत असे. दाराच्या आतलं बोलणं किल्ल्याच्या माणसांचं, बाहेरचं कंपनीच्या गाइडचं, असं दोघांत ठरलेलं होतं. मंडळी आत गेली की तिला सत्तर मिनिटं मिळत. त्यांत बसच्या काचा पुसायच्या, राखदाण्या रिकाम्या करायच्या, जेवणाचे डबे मोजायचे, झोपलेल्या ड्रायव्हरला उठवायचं. एकतीस वर्षांत ती दार ओलांडून आत गेली नाही. सुट्टीच्या दिवशी जाता आलं असतं, पण सुट्टीच्या दिवशी किल्ल्याकडे कोण बघतं!

नोकरीच्या नवव्या वर्षी एक चष्मेवाले मास्तर परत बसमध्ये चढताना म्हणाले होते, “बाई, तुम्ही चौदा म्हणालात. मी तेरा मोजली.” बाकीचे चव्वेचाळीस जण ऐकत होते. फुसाएने कमरेत वाकून माफी मागितली. त्यानंतरची बावीस वर्षं ती चौदाच म्हणत राहिली, कारण कंपनीच्या पुस्तिकेत चौदा होती, आणि दर वेळी चौदा म्हणताना तिचा आवाज किंचित पडत असे. ती शिरस्त्राणं तिला एकदा स्वतः मोजायची होती. बाकी काही नाही.

हे सगळं तिने बाकीच्या तिघी मैत्रिणींना सांगितलं नव्हतं. तिने फक्त म्हटलं होतं, बंद व्हायच्या आधी एकदा जाऊन येऊ.

ठरवायला चौघी स्टेशनसमोरच्या चहाच्या दुकानात जमल्या. सगळ्या एकेकाळी एकाच कंपनीतल्या गाइड. तोकिको सर्वांत थोरली. फुसाएला बोलायला, वाकायला, झेंडा धरायला तिनेच शिकवलेलं. इसुझू फुसाएच्याच वर्षाची. नागिसा एकोणसत्तरची, म्हणजे अजून पोर.

“सव्वीस, बुधवार,” फुसाएने वही उघडली.

“बुधवारी आमच्या ह्यांना दाताच्या डॉक्टरकडे जायचंय,” इसुझू म्हणाली.

“मग गुरुवार.”

“गुरुवारी ते दात दुखणार ना.”

“तुझे यजमान दुपारचं जेवण स्वतः गरम करून घेत नाहीत का?”

“घेतात गं. मायक्रोवेव्हसमोर उभं राहून मला हाका मारतात, झालं का, झालं का म्हणून.”

नागिसा फोनमध्ये डोकं घालून बसली होती. “फुसाए-सान, इथे लिहिलंय, शेवटच्या आठवड्यात सकाळी साडेआठला क्रमांकाच्या चिठ्ठ्या देणार. संपल्या की संपल्या. आणि सत्तरीच्या वरच्यांना फुकट.”

“म्हणजे तिकीट फक्त तुला,” इसुझू म्हणाली. “तरुणपणाचा दंड भर.”

“तर मग आठला दाराशी,” फुसाए म्हणाली. “सात बत्तीसची बस.”

“त्याआधी स्वच्छतागृह,” तोकिको प्रथमच बोलली. “पंधरा मिनिटं धर. आणि किल्ल्याच्या बसतळावरचं स्वच्छतागृह नको, तिथे रांग असते. देवळामागचं.”

“देवळामागचं कधीच पाडलं,” नागिसा म्हणाली.

“कुणी पाडलं?”

यावर अर्धा तास गेला. तो संपल्यावर झेंडा घ्यायचा का, यावर आणखी दहा मिनिटं. फुसाएने वही मिटली.

“पंचेचाळीस माणसं मी एका शिट्टीवर बसमध्ये बसवत होते,” ती म्हणाली. “तुम्ही तिघी बसत नाही.”

“ती माणसं तुझ्या ओळखीची नव्हती, फुसा-चान,” तोकिकोने कपातला शेवटचा घोट घेतला.

फुसाएने शेवटी बुधवारचंच वेळापत्रक तयार केलं आणि तिघींना पाठवलं. नागिसाने फोनवरून हसऱ्या अस्वलाचं चित्र पाठवलं. इसुझूने काहीच पाठवलं नाही. तोकिकोकडून मात्र फॅक्सवर वेळापत्रक परत आलं, जुन्या दिवसांसारख्या नीट खुणा करून. बसथांब्यावरून तळापर्यंत चालायला सात मिनिटं नव्हे, अकरा. डबे उघडण्याची जागा उन्हात हवी. फुसाएने सुधारलं. ते पुन्हा परत आलं. तिसऱ्यांदा परत आलं तेव्हा तिने फोनच केला.

“तोकिको-सान, तुम्ही येणार आहात का?”

“मी? माझं जरा…”

“मग माझी मिनिटं कशाला दुरुस्त करताय?”

“चुकीची मिनिटं मला बघवत नाहीत.”

सव्वीस तारखेला सकाळी पावणेसातला इसुझूचा फोन आला. “फुसा, आमचे हे आज जरा…” फुसाए “बरं, बरं, काळजी घे” म्हणाली आणि तिने रिसीव्हर इतक्या हळू ठेवला की तो दोनदा घसरला. सात वाजता नागिसाचा निरोप आला. नातवाला ताप. निरोपात अकरा वेळा माफी होती आणि शेवटी वाकून नमस्कार करणारं अस्वल.

फुसाएने कोट काढून ठेवायला घेतला. तीस तारखेपर्यंत चार दिवस होते, एकटीलाही जाता आलं असतं. पण एकटीच जाऊन आली हे तिघींना कळल्यावर पुढची पाच वर्षं ऐकावं लागलं असतं: “आम्ही काय, आम्ही बापड्या.” तिने कोट पुन्हा घातला. बसथांब्यापर्यंत जाऊन यायचं, निदान तोकिको आलेली नाही याची खात्री करायची.

तोकिको थांब्यावर उभी होती. ओठांना लाली, हातात काठी, दोन्ही गुडघ्यांवर पट्टे.

“दोन मिनिटं उशीर,” ती म्हणाली.

त्यांना दोनशे बारा आणि दोनशे तेरा क्रमांकांच्या चिठ्ठ्या मिळाल्या. आत सोडायची वेळ दहा चाळीस. दोघी गिंकोच्या झाडाखालच्या बाकावर बसल्या, भाताचे गोळे खाल्ले, आणि समोरून चाललेल्या सहलीच्या गाइडने झेंडा किती तिरका धरलाय यावर एकमत केलं. बऱ्याच दिवसांनी झालेलं हे पहिलंच एकमत.

दाराशी बूट काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालायचे होते. तोकिकोला वाकायला वेळ लागला. फुसाए मदतीला वाकली, तर तिने तिचा हात बाजूला सारला. आत लाकडाचा थंड वास होता आणि समोर पहिला जिना. जिना कसला, शिडीच. शेजारी धरायला जाड दोर. पायथ्याशी चाळिशीची एक बाई गणवेशात उभी होती.

“काठी वर नेता येणार नाही,” ती हात जोडून म्हणाली. “जमिनीला खळगे पडतात. फार दिलगीर आहोत.”

तोकिकोने काठी तिच्या हातात दिली. दोर धरला. पहिली पायरी चढली, दुसरी चढली. तिसरीवर पाय टेकवला आणि तशीच उभी राहिली. मागे रांग थांबली. कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं. मग ती एकेक पाय मागे घेत खाली आली.

“तू जा,” ती म्हणाली.

“छे, तुम्ही नाही तर मीही नाही. चला, बाहेर गरम काहीतरी घेऊ.”

“तू जा.”

“खरंच नको. आत आहे काय! भालेच ना.”

हे म्हणत असताना फुसाएला तोकिकोचा राग आला. घरी राहायचं होतं तर राहायचं. यायचं होतं तर पट्टे बांधून दुसऱ्या पायरीपर्यंत यायचं नव्हतं. आता सात वर्षं, म्हणजे नऊ, फुसाए चौदा की तेरा घेऊन बसणार आणि वर गोड बोलणार. इसुझूचाही राग आला, तिच्या यजमानांचा, त्यांच्या दातांचा. सगळ्यात जास्त राग स्वतःचा, कारण तिचे पाय आपोआप दाराकडे वळले होते.

तोकिकोने तिची बाही धरली. गाइड प्रवाशाला धरत नाही. हा नियम तिनेच शिकवलेला.

“फुसा-चान, मी ‘जरा’ म्हणाले का?”

“नाही.”

“मग? जा म्हणाले ना?”

“हो, पण…”

“जा म्हणजे जा. सगळ्याचा अर्थ काय काढत बसतेस? मागे माणसं उभी आहेत.”

फुसाए चढली. दोर खरखरीत होता. पहिल्या मजल्यावर भाले होते, ते तिने चालता चालता पाहिले. दुसऱ्यावर पत्रं होती, ती वाचता आली नाहीत. तिसऱ्या मजल्यावर एक लांब काचेचं कपाट होतं, खालून दिवे लावलेलं. ती डाव्या टोकाला उभी राहिली आणि बसमधली डोकी मोजायची तशी, हनुवटी न हलवता, मोजत गेली.

अकरा.

उजवीकडून मोजली. अकरा. सशाचे कान डावीकडून पाचवे आणि उजवीकडून सातवे आले, म्हणजे मोजणी बरोबर होती. सगळी सारख्या अंतरावर मांडलेली. मध्ये कुठे गाळलेली जागा नाही.

कपाटाशेजारी गणवेशातला एक प्रौढ गृहस्थ उभा होता.

“माफ करा, ही अकराच आहेत का?”

“काही गेल्या आठवड्यात गोदामात हलवली, बाई. बंद होणार ना.”

“किती हलवली?”

“ते जरा…”

फुसाएने डोळे मिटले आणि उघडले. “बरं, सगळी मिळून किती आहेत? चौदा की तेरा?”

“यादी कार्यालयात असते. आपण प्रश्न लिहून दिलात तर विचारात घेऊ.”

‘विचारात घेऊ’चा अर्थ तिला काढावा लागला नाही. तिने वाकून आभार मानले, तोही वाकला, ती पुन्हा वाकली. मागून लोक येत होते. एक बाई आपल्या नवऱ्याला म्हणत होती, “बघा, सशाचे कान,” आणि नवरा म्हणत होता, “हं.” किती आहेत हे कुणी मोजत नव्हतं.

गर्दीच्या वाटेतून बाजूला व्हावं म्हणून ती खिडकीपाशी सरकली. खिडकीला उभे जाड गज होते, लाकडाचे. त्यांच्या फटीतून तिला बसतळ दिसला. इतकी वर्षं तो तिने फक्त जमिनीवरूनच पाहिला होता. वरून तो लहान होता. तीन बसगाड्या उभ्या होत्या आणि एक मुलगी काच पुसत होती.

तळाच्या अलीकडे गिंकोचं झाड, झाडाखाली बाक. बाकावर तोकिको नव्हती.

ती बाकासमोर उभी होती. काठी बाकाला टेकवून ठेवलेली, टाचा जुळवलेल्या, डावा हात पोटाशी सपाट. प्रवासी दिसेनासे होईपर्यंत गाइड बसत नाही. उजवा हात वर होता, कोपर खांद्याच्या रेषेत, मनगट स्थिर, बोटं जुळलेली. ती मनोऱ्याकडे हात हलवत होती. फुसाए कुठल्या खिडकीत आहे हे तिला खालून कळणं शक्य नव्हतं. म्हणून ती डावीकडून सुरुवात करून पहिल्या मजल्याच्या प्रत्येक खिडकीला हात करत होती, मग दुसऱ्या मजल्याच्या, एकही न गाळता, प्रत्येकीला सारखा वेळ देऊन. शेजारून जाणारे लोक वळून बघत होते.

फुसाएने पिशवीतले बूट खाली ठेवले आणि गजांच्या फटीतून हात बाहेर घातला. बोटं गेली, मनगट अडकलं. तिने बोटं हलवली.

तोवर तोकिको चौथ्या मजल्याला हात करत होती.