बंदराचा रस्ता तळमजल्यावरून

गेट क्र. २ : सामान तपासणीसाठी ठेवा

नारळ एक्स-रे मशीनमध्ये गेला.

सोनेरी कागदात गुंडाळलेला, वर झेंडूची माळ, शेंडीला कुंकू. पट्ट्यावरून डुलत डुलत आत शिरला. गार्ड प्रितमने पडद्यावर पाहिलं. गोल वस्तू. आत पाणी.

"लिक्विड आहे," तो म्हणाला.

"नारळ हाय तो," आवडाबाई म्हणाली. तिच्यामागे सगळं गाव उभं होतं. बायका हिरव्या-लाल लुगड्यांत, पुरुष टोप्या घालून, आणि मुख्य दाराशी बेंजोवाले, वाद्यांवर प्लास्टिक टाकून.

"नारळ अलाउड नाही, मावशी. यादीतच आहे. हत्यार, फटाके, नारळ."

"यादी कोनी केली?"

प्रितमने शेजारी बघितलं. शेजारी टाय लावून, हातात वॉकीटॉकी घेऊन दुकानांच्या मजल्यांचा सुपरवायझर दिपेश उभा होता.

"या साहेबांनी."

आवडाबाईने साहेबांकडे पाहिलं. साहेबांना तिने सकाळीच चहा-चपाती दिली होती.

"सोड नारळ," दिपेश प्रितमला म्हणाला. "गावाचा आहे."

तुम्ही इथे आहात

घोडबंदर रोडवरून खाडीकडे वळलं की मेरिटिका लागतं. खाली दुकानं, वर ऑफिसांचे तीन टॉवर, मागे पाण्यालगत फरसबंदी. टॉवर बीच्या सावलीत जी कौलारू आणि पत्र्याची घरं दिसतात, ते दिपेशचं गाव. गावाची बंदरावर जायची वाट नेमकी या प्लॉटच्या मधून होती. वाट बुजवायची नाही, असं बऱ्याच भांडणांनंतर ठरलं. मग बिल्डरने ती बुजवली नाही. तिच्यावर छप्पर घातलं.

तेव्हापासून गावातली माणसं खांद्यावर जाळं टाकून गेट दोनमधून आत येतात, अत्तराच्या दुकानावरून, बुटांच्या दुकानावरून पुढे जातात, स्वच्छतागृहांशी डावीकडे वळतात, आणि लांबलचक बोळाच्या टोकाला एक दार आहे, ते ढकललं की बंदर. परतताना मासळी असते. तेव्हा अत्तरवाल्या मुली जरा जास्त फवारा मारतात. त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही, फुकटच असतो.

आता मानाचं. नारळी पुनवेला पहिला नारळ नाथाच्या, म्हणजे आवडाबाईच्या नवऱ्याच्या, दिपेशच्या बापाच्या घराचा. तो पाण्यात पडल्याशिवाय गावात कोणी होडी लोटत नाही. बाकीची गावं संध्याकाळी नारळ देतात. या बंदरात संध्याकाळी नुसता चिखल असतो, म्हणून इथे दुपारच्या भरतीला देतात, ओहोटी लागायच्या आत. नाथाच्या घराचं चुकलं, तर मान सीतारामच्या घराकडे. सीताराम हा नाथाचा चुलतभाऊ. तो दरवर्षी मिरवणुकीत प्लास्टिकच्या पिशवीत एक जादा नारळ घेऊन येतो. कोणी विचारलं तर म्हणतो, असावा.

यंदा नाथाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तो घरी खुर्चीत. तेव्हा नारळ द्यायचा दिपेशने, ड्यूटीवर असला तरी. आणि ते ऑपरेशन झालेलं मेरिटिकाच्या विम्यावर. दिपेश नोकरीत आहे तोवर विमा आहे, आणि दुसरा गुडघा अजून व्हायचाय.

काम चालू आहे : गैरसोयीबद्दल क्षमस्व

चूक आषाढात झाली.

विनीत सर म्हणजे मेरिटिकाचे मॅनेजर. डोंबिवलीचे, मनाने वाईट नाहीत. बोळातून जाताना त्यांनी सहज विचारलं, "त्या मागच्या दाराने हल्ली कोण जातं रे?"

"हल्ली कोणी नाही, सर."

हे खरंच होतं. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, जाळी घरात असतात. पुनवेपर्यंत खाडीत कोणी जात नाही. 'पुनवेपर्यंत' हे दिपेश बोलला नाही. गावात ते कोणी बोलत नाही. रात्र झाली असं सांगताना आपण 'सकाळपर्यंत' असं जोडत नाही, तसंच ते.

विनीत सरांनी बोळाची लांबी-रुंदी मोजून घेतली. मग नाथाच्या ऑपरेशनसाठी दिपेश रजेवर गेला. परत आला तेव्हा बोळात भिंतीपासून भिंतीपर्यंत तळं होतं. घोटाभर पाणी, खालून निळे दिवे, मधोमध स्टीलचे दोन डॉल्फिन तोंडातून पाणी उडवत होते. पलीकडे दार. दाराला विजेवरचं कुलूप.

"सर, पुनवेला लोक येतील," दिपेश म्हणाला.

"किती?"

"गाव."

"बघू," विनीत सर म्हणाले.

पाण्यात उतरू नये

गाव तळ्यापाशी येऊन थांबलं. गाणं थांबलं. डॉल्फिन चालू होते.

विनीत सर धावत आले. "काय झालं? अरे वा, छान. छानच. मावशी, इथेच अर्पण करा ना. पाणीच आहे. मी फोटोग्राफर बोलावतो."

आवडाबाई खाली वाकली. पाण्यात बोट बुडवून तिने जिभेला लावलं.

"गोडं हाय," ती म्हणाली. "औषधाचा वास पन हाय."

"क्लोरीन आहे ते. शुद्ध आहे."

"शुद्ध पान्यात कोन नारळ देतं?"

मागून सीताराम पुढे आला. पिशवी वाजली. "आमची ना नाय," तो म्हणाला. "नाथाच्या घराला डबक्यात द्यायचाय, तर डबक्यात देवू दे. खाडीला मी देतो. भायेरच्या रस्त्याने जातो, रिक्षा करून."

"रिक्षा पोचेल तवर चिखल लागंल, भावोजी."

"मंग चिखलात देतो. पन खाडीच्या."

आवडाबाईने दिपेशकडे बघितलं. मग लुगड्याचा पदर खोचला, जसा ती बाजारात भाव ठरवून झाल्यावर खोचते.

"सर, किल्ली," दिपेश म्हणाला.

"किल्ली ठेकेदाराकडे. तो कल्याणला राहतो. आज राखी रे, येणार नाही तो."

दिपेश उभा राहिला. काचेच्या दारातून बंदर दिसत होतं. पाणी पायरीला लागलं होतं आणि तिथेच थांबलं होतं. आता ते परतणार, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. ते मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाला कळत होतं, विनीत सर सोडून. दाराच्या वर हिरवा दिवा होता. त्यावर धावणारा माणूस. दिपेश त्या माणसाकडे बघत राहिला.

या महिन्याची मॉक ड्रिल राहिली होती. दुकानदार कुरकुरतात म्हणून विनीत सरांनी ती पुढे ढकललेली. ड्रिल घेणं हे दिपेशचं काम. भोंगा झाला की सगळी संकटकालीन दारं आपोआप उघडतात, कुलूप कोणाचंही असो. आणि सगळ्यांनी जमायची जागा बंदरावर आहे. तिथली पाटी त्यानेच लावलेली.

त्याने वॉकीटॉकी तोंडाशी धरला आणि मदत कक्षातल्या हेमालीला सांगितलं, की

कृपया लक्ष द्या. ही मॉक ड्रिल आहे. लिफ्ट वापरू नका. हातातलं काम सोडून शांतपणे खाडीच्या बाजूच्या जमायच्या जागेवर या.

असं बोल, आणि बटण दाब.

"आत्ता?" हेमालीने विचारलं.

"आत्ताच."

"दिपेश," विनीत सर म्हणाले.

भोंगा वाजला. कुलूप टक् करून सुटलं.

बाहेर जाण्याचा मार्ग

टॉवर ए उतरला, टॉवर बी उतरला, टॉवर सी जेवत होता तो डबे घेऊन उतरला. गळ्यात ओळखपत्राचे पट्टे लावलेली माणसं जिन्यांवरून आली आणि बोळात शिरली. सलूनमधला एकजण अर्धी दाढी करून आला. तळ्यापाशी सगळे क्षणभर अडले. पुढे आवडाबाई नारळ घेऊन पाण्यात उतरली, तसे तेही उतरले, पँटी वर करून, बूट हातात धरून. बेंजोवाल्यांना वाटलं सुरू करायचं. त्यांनी सुरू केलं. शांतपणे जमा, असं हेमाली वरून सांगत होती, आणि काही लोक तिच्या तालावर नाही तर बेंजोच्या तालावर जमत होते.

बंदराच्या पायरीवर दिपेशने बूट-मोजे काढले. टाय राहिला. आवडाबाईने नारळ त्याच्या हातात दिला.

"बाबाचं नाव घे."

त्याने घेतलं. पाण्याला हात लावला, कपाळाला लावला, नारळ सोडला. नारळ पायरीशी दोनदा आपटला, घुटमळला. सीतारामने मान लांब केली. मग ओहोटीने नारळाला ओढलं आणि तो कांदळवनाच्या कडेने बाहेर निघाला.

सीतारामने पिशवीतला नारळ आग विझवायच्या लाल नळावर फोडला आणि टॉवर सीला खोबरं वाटलं.

विनीत सर घोट्यापर्यंत भिजले होते. "हे आधी सांगता येत नव्हतं?"

"सांगितलं होतं, सर. पण तुम्ही विचारलंत तेव्हा आषाढ होता."

हरवले-सापडले

वरच्या ऑफिसला अहवाल गेला की इमारत इतक्या लवकर कधीच रिकामी झाली नव्हती. वरून उत्तर आलं की शाबास, आणि तो मार्ग कायम मोकळा ठेवावा. दिपेशला एक प्रशस्तिपत्र मिळालं आणि त्याच संध्याकाळी बेसमेंट पार्किंगला बदली मिळाली. विमा राहिला. तळंही राहिलं. त्यावर आता आडवी फळी टाकलीय.

रात्री नाथाने खुर्चीतून विचारलं, "कुठं गेला नारळ?"

"भायेर."

"फिरून आला नाय ना?"

"नाय."

"मंग उद्या होडी लोट."

"उद्या ड्यूटी हाय बाबा. पार्किंगला."

"पार्किंग उजाडल्यावर उघडतं ना?"

पहाटे दिपेश युनिफॉर्मवर जाळं टाकून गेट दोनला आला. प्रितमने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"स्टाफ, का गाव?"

"गाव."

"मग जाळं पट्ट्यावर ठेवा, साहेब."

दिपेशने ठेवलं.