धुळाजीने दाखवलेला झरा

पौडची विहीर गावाला पुरेनाशी झाली, तेव्हा धुळाजी धनगराने डोंगरातला झरा स्वतः नेऊन दाखवला. ग्रामपंचायतीचे पंच भिवाजी त्याला म्हणाले, "तुझ्या मेंढरांना पानी प्यायला तितं डोण बांधून देतो."

एकसष्ट साली टाकी झाली आणि गावात नळ आले. झऱ्याचं सगळं पाणी नळात गेलं. डोणीचं काम मात्र भिवाजी पुढे ढकलत राहिले.

चैत्रात धुळाजीची बायको बायजा त्यांच्या दारात आली. "आण्णा, सात मेंढरं पाण्यावाचून मेली. धनी म्हणत्यात, झरा म्याच दावला, कुणाला बोलू?" एवढं बोलून ती निघून गेली.

भिवाजी तडक गवंड्याच्या घरी गेले. दुसऱ्याच दिवशी गवंडी घेऊन ते डोंगरावर गेले. चार दिवसांत डोण बांधून टाकीच्या पाण्याने भरली आणि सांगायला ते धुळाजीच्या पालावर गेले.

"डोण झाली रं. मेंढरं घेऊन ये."

"उरलेली इकली, आण्णा." धुळाजीने त्यांना बसायला घोंगडी अंथरली. "गावाला पानी पुरतंय न्हवं?"

"पुरतंय," भिवाजी कसेबसे म्हणाले. घोंगडीवर बसायचं त्यांना धाडस झालं नाही.