पाळकसाहेबांशिवायचा रविवार

आमच्या कपबशा अर्ध्या कपाटात असतात आणि अर्ध्या खोक्यात. माझ्या नवऱ्याला लोक पाळकसाहेब म्हणतात. चिडले की मीही तेच म्हणते, आणि मी बहुतेक वेळ चिडलेलीच असते. आमचं काम असं की नव्या गावात जायचं, कुणाच्या तरी घरात चार माणसं जमवायची, पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं, प्रार्थना करायची. त्या चौघांना इतकं तयार करायचं की ते आपल्या ओळखीच्या आणखी चौघांना जमवतील. अशी प्रार्थनेची मंडळी स्वतःच्या पायावर उभी राहिली की आम्ही पुढच्या गावी.

मागच्या गावची मंडळी आम्ही निघालो आणि बंद पडली. दाराला कुलूप लागलं. तेव्हापासून पाळकसाहेबांना धड बसवत नाही. जेवताना उठतात, खिडकीशी जातात, परत येऊन विचारतात, "मी कुठे जात होतो?" मला काय माहीत! माझा तरी जीव कुठे थाऱ्यावर होता. ही मंडळीही तशीच बुडाली तर हा माणूस त्यातून उठणार नाही, एवढं मला पक्कं ठाऊक होतं.

या गावची मंडळी इस्त्रीवाल्या मावशींच्या दुकानामागच्या खोलीत भरते. इस्त्रीची टेबलं भिंतीला सरकवायची, कपड्यांची गाठोडी कोपऱ्यात रचायची की झालं प्रार्थनाघर. पाळकसाहेबांच्या हाताखाली तयार झालेला पहिला शिष्य म्हणजे चौकातला न्हावी. सगळे त्याला दादा म्हणतात. केस कापता कापता तो गिऱ्हाइकाला येशूविषयी सांगतो, आणि मानेवर वस्तरा असल्यामुळे गिऱ्हाईक मुकाट्याने ऐकतं. त्याने गावाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या ताईच्या स्वयंपाकघरात दुसरा गट सुरू केला. आम्ही जायच्या आधी मंडळी त्याच्या हाती सोपवायची ठरली होती.

मी तो दुसरा गट बघायला गेले. पाळकसाहेब तिथे कधी गेलेच नव्हते, ती माणसं त्यांना चेहऱ्याने ओळखतही नव्हती. प्रार्थनेला सुरुवात झाली. ताई दोनदा खाकरल्या आणि चष्मा कपाळावर ढकलला. मला ओळखीचं वाटलं, पण मी दुर्लक्ष केलं. मग शेजारची बाई दोनदा खाकरली. मग गवंडीकाका दोनदा खाकरले आणि बोट कपाळाकडे नेलं. त्यांना चष्माच नव्हता!

"काका, हे कपाळाला काय?" मी नंतर विचारलं.

"प्रार्थनेआधी करायचं असतं ना ते? दादांनी दाखवलंय."

मला आधी हसू फुटलं, मग भीती वाटली. माझ्या नवऱ्याचा जुना खोकला आणि नाकावरून घसरणारा चष्मा गावाच्या दुसऱ्या टोकाला धर्म होऊन बसला होता. आम्ही येशूचे शिष्य घडवायला आलो आणि पाळकसाहेबांच्या नकला तयार केल्या. मूळ माणूस निघून गेला की नकला काय करणार?

मी तशीच तडक न्हाव्याच्या दुकानात गेले आणि त्याला फैलावर घेतलं. तो बिचारा गोरामोरा झाला. "वहिनी, मला वाटलं तीच पद्धत. साहेब कधी चुकवत नाहीत ना."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "या रविवारी तुम्ही यायचं नाही."

"आणि ते अडले तर?"

"अडू देत."

म्हणायला काय जातंय! रविवारी मावशींच्या खोलीत बसले तेव्हा माझंच लक्ष सारखं दाराकडे जात होतं. दादा उभा राहिला. त्याचा हात कपाळाकडे निघाला आणि मध्येच थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं, मान खाली घातली, आणि त्याला शब्दच फुटेना. कुणीतरी खुर्ची सरकवली. सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, कारण पाळकसाहेब नाहीत तर त्यांची बायको. जिभेवर प्रार्थना तयार होती. एक वाक्य बोलले असते तरी गाडी सुरू झाली असती, आणि आम्ही गेल्यावर पुन्हा बंद पडली असती. मी दात आवळून बसले. दादाला नकलेचा का होईना आधार होता, तो मीच काढून घेतला, आता ही मंडळीही माझ्याच हातून बुडणार, असं वाटून मला रडू यायला लागलं.

"देवा," मावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या. आजवर त्यांनी मोठ्याने प्रार्थना केली नव्हती. "सून घर सोडून गेली. लोकांना सांगते, मला वाईट वाटतंय. वाटत नाही रे. सुटले असंच वाटतंय. माझं मन असं दगडाचं का झालं, ते तूच बघ."

कुणी खाकरलं नाही. दादा खाली मांडी घालून बसला आणि म्हणाला, "देवा, मावशींच्या सुनेला मी भेटून येतो. मला शब्द सुचत नाहीत, पण ती कुठे राहते ते माहीत आहे." मग सगळेच बोलायला लागले, तुटक, एकमेकांच्या मध्ये. मावशी डोळे पुसत म्हणाल्या, "आणि हे बघा, रविवारी माझ्याकडे कपड्यांचा डोंगर असतो. इतके दिवस भिडेपायी बोलले नाही. आपण मंगळवारी जमू या." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला कुणी विचारलंच नाही.

माझा जीव भांड्यात पडला, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला.

घरी पोचले तर पाळकसाहेब दारातच उभे होते. "अडले ना? मला बोलवायला हवं होतं."

"अडले होते. निघाले त्यातून." मी सगळं सांगितलं. मंगळवारचंही.

"माझी आठवण काढली कुणी?"

गोड खोटं बोलणं मला जड नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं जमतं. पण म्हटलं, "नाही. कुणीच नाही."

ते आत येऊन खुर्चीवर बसले. डोळे भरले होते आणि ओठांवर हसू होतं. कितीतरी महिन्यांनी ते न उठता, न हलता बसून राहिले. मग हळूच म्हणाले, "मंगळवारी मी आलो तर चालेल का त्यांना? मागे बसेन. काही बोलणार नाही."

"मावशींना विचारून सांगते," मी म्हटलं.