रंगाखालची फट

मित्रांनो, लोखंडाच्या दोन तुकड्यांना धरून बसलेला मी एक जुना वेल्डिंगचा जोड आहे. आटपाडीच्या भाऊसोंची हिरवी ट्रॉली तुम्ही पाहिलीत, तर तुम्हाला तिची चाके दिसतील, बाजूचे फाळके दिसतील, मागे रंगवलेले नाव दिसेल. मी दिसणार नाही. ट्रॉलीच्या पुढच्या आडव्या लोखंडी पट्टीला, म्हणजे चॅनेलला, ट्रॅक्टरकडे जाणारी दांडी जिथे जोडली आहे, तिथे मी असतो. सगळा भार माझ्यावरूनच ओढला जातो. त्यामुळे माझ्या जिवाला कायम घोर.

तेरा वर्षांपूर्वी नाथाजी मिस्त्रींनी मला घडवले. दोन पत्रे कडेला कड लावून जोडले तर तो बट जोड. एकावर एक चढवून जोडले तर लॅप जोड. आणि एक तुकडा दुसऱ्यावर काटकोनात उभा केला तर टी जोड. मी टी जोड. त्या कोपऱ्यात वितळलेल्या धातूची तिरकी भर बसते, तिला फिलेट म्हणतात. दोन तुकडे भेटतात ती आतली खोल जागा म्हणजे रूट, माझे मूळ.

“भाऊसो, वरनं देखणं दिसून काय करायचं? रस मुळात उतराय पायजे,” मिस्त्री म्हणायचे. एक थर झाला की वरची काळी खपली, म्हणजे स्लॅग, ते हातोडीने झाडत, ब्रशने घासत आणि मगच दुसरा थर देत. भाऊसो सारखे घड्याळ बघत होते. मिस्त्रींनी एकदाही मान वर केली नाही.

पुढे मी ऊस ओढला, डाळिंबाचे क्रेट ओढले, एकदा अख्खा मेंढरांचा कळप ओढला. लोक ट्रॅक्टरचे कौतुक करत. माझ्याकडे कुणी ढुंकून पाहत नसे. थोडा राग यायचा, खोटे का बोलू?

गेल्या हंगामात भरली ट्रॉली चरात आदळली आणि माझ्या कडेला केसाएवढी फट पडली. भाऊसोंनी रस्त्यावरच्या एकाकडून घाईने वेल्डिंग करून घेतले. त्याने ना चिखल पुसला, ना गंज खरवडला. वर जाडजूड भर घातली. आत फट तशीच राहिली. मग खंडेनवमी आली. अवजारांची पूजा म्हणून भाऊसोंनी ट्रॉलीला लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, भरून नवा हिरवा रंग दिला आणि त्यांच्या आईने, रंगुबाईंनी, दांडीवर हळदकुंकू वाहिले. मी नटलो, मित्रांनो, पण आतून रोज थोडा थोडा उसवत होतो. काही दिवसांनी फटीतला गंज रंगातून पाझरू लागला. दांडीखाली तांबडा ओघळ आला. सगळ्यांना वाटले, पूजेचे कुंकू उतरले.

आज म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथयात्रेला जायचे म्हणून भाऊसोंनी ट्रॉली धुतली आणि सतरंजी अंथरली. चाळीस माणसे जमली, त्यांत लेकुरवाळ्या बायका. वाटेत उतार आहेत. एकेक पाय ट्रॉलीत पडे तशी माझी फट आतून आणखी ताणली जात होती. ओरडायला मला तोंड नाही.

तेवढ्यात रंगुबाई पूजेचे ताट घेऊन आल्या आणि वाकून थबकल्या.

“भाऊसो, हितं तांबडं कशाचं रं?”

“आये, कुंकू असंल. चल, रथ चुकंल.”

“आजचं कुंकू म्या अजून लावलंच न्हाई, आन् जुनं तर धुताना गेलं.”

नवे लुगडे नेसून मंगल मागे उभी होती. नाथाजी मिस्त्रींची ही लेक आता त्यांचे दुकान चालवते. ती तशीच मातीत बसली आणि किल्लीने रंग खरवडला. लांबीचा पोपडा निघाला.

“दादा, फट हाय. समद्यास्नी उतरवा.”

“वरनं एक टाका मार की गं, लगीच निघू.”

“वरनंच तर मारलाय. ह्यो समदा जोड कापून मुळापासनं भरावा लागंल.”

भाऊसो रथाचे नाव घेऊन चिडले, बायका कुरकुरल्या. रंगुबाईंनी ताट खाली ठेवले. “रथ बघाय माणसं तर ऱ्हायला पायजेत. उतरा गं!”

सगळे उतरले. कुणीतरी लेकरू मांडीवर घेऊन कडुनिंबाखाली बसले. मंगलने दुकानातून ग्राइंडर आणला आणि माझ्यावरून बोट फिरवले.

“आबांच्या हातचा हाय. तेरा वर्सं टिकला.”

मित्रांनो, तेरा वर्षांत माझे झालेले हे पहिले कौतुक. आता ती मला कापून काढणार. तुम्ही कधी ट्रॉलीत बसलात, शाळेतल्या झोक्यावर चढलात, तर नव्या रंगावर जाऊ नका. तांबडा ओघळ दिसला तर मोठ्यांना हाक मारा, त्यांनी हसण्यावारी नेले तरी पुन्हा मारा.

मंगलने डोळ्यांवर चष्मा ओढला आहे. ग्राइंडरचे चाक फिरू लागले आहे. मला फार भीती वाटते. पण ट्रॉली रिकामी आहे, आणि आता ही भीती फक्त माझ्यापुरतीच आहे.