निकालापर्यंत निर्जळी

सोयराबाईंनी बनशंकरीला बोललेला नवस साधासुधा नव्हता. गाण्याच्या स्पर्धेच्या अंतिम फेरीचा निकाल लागेपर्यंत मायलेकींनी पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. देवीकडे मागायचंच तर हात आखडता कशाला, असा त्यांचा खाक्या. पोरीला आधी विचारायचं मात्र सुचलं नाही. चंदनाही "सरी अम्मा" म्हणत कबूल झाली. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याची नोकरी सोडून ती या कन्नड वाहिनीवर गायला आली होती, आणि हरलो तर पुन्हा कधी गायचं नाही, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

टीव्हीवर तासाभरात उरकणारी फेरी स्टुडिओत दिवसभर रेंगाळते, हे सोयराबाई नवसाच्या भरात विसरल्या. सकाळी दिवे बिघडले. मग परीक्षकांना उशीर. नुसत्या टाळ्याच दहादा वाजवून घेतल्या. दुपार कलली तेव्हा चंदना आणि वेदांत नावाचा मुलगा यांचे गुण सारखे झाले. आता आणखी एकेक गाणं, आणि त्यावरच निकाल.

वेदांत सुरेख गाऊन गेला. चंदनानं सूर लावला आणि वर जाताना तिचा आवाज फाटला.

"स्वल्प पाणी पी, पुन्हा सुरू कर," परीक्षक म्हणाले. कुणीतरी ग्लास आणून दिला. ती तो नुसता हातात धरून उभी राहिली आणि पहिल्या रांगेतल्या आईकडे पाहू लागली.

नवसापायी पोर पाणी पीत नाही, हे सोयराबाईंनी ओळखलं. मी मेलीनं पोरीचा गळा आवळला. त्या उठल्या, तसा स्टुडिओतला गुरुप्रसाद आडवा आला. माणसं जागेवर बसवणं हेच त्याचं काम. "अक्का, कॅमेरा चालू आहे. बोलू नका, बसा."

देवीचा कोप व्हायचा तो माझ्यावर होऊ दे, असं म्हणत त्यांनी पिशवीतली बाटली काढली आणि तूही पी हे पोरीला कळावं म्हणून तिला दिसेल अशी तोंडाला लावली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, तरी त्या पीत राहिल्या.

चंदनाचा चेहरा उतरला. तो पाहिल्यावर सोयराबाईंना कळलं, आपण काय करून बसलो ते. निकालाआधी अम्मा पाणी पिणार नाही, हे पोरीला पक्कं ठाऊक. म्हणजे अम्माला निकाल कळला, आणि अम्मा रडतेय.

त्या घाईघाईनं "नाही, नाही" अशी मान हलवू लागल्या. चंदनानं तेही पाहिलं आणि त्याचा अर्थ एवढाच घेतला, की आपण जिंकलो नाही. मग तिनं हातातला ग्लास घटाघटा रिकामा केला आणि माइक खाली ठेवला.